स्मारक एका देशाचे, राखण अनेकांची

जुनी इमारत कशामुळे नष्ट होते, असे कोणी विचारले तर तुम्ही काय उत्तर द्याल? ऊन, वारा, पाऊस, भूकंप, महापूर, युद्ध अशी कारणे तुम्ही भराभर सांगाल. ती सारी बरोबर आहेत. परंतु या यादीत आणखी एक कारण घालावे लागते आणि ते ऐकून तुम्हाला नवल वाटेल. ते कारण म्हणजे दुरुस्ती!

दुरुस्तीने इमारतीला इजा होते, हे विधान चमत्कारिक वाटते खरे. पण त्याची दोन ठळक उदाहरणे पाहू. एक ग्रीसमधील आहे, दुसरे आपल्या महाराष्ट्रातील.

दुरुस्तीच जेव्हा दुखणे होते

अथेन्स शहराच्या टेकडीवर पार्थेनॉन हे संगमरवरी मंदिर उभे आहे. ख्रिस्तपूर्व ४४७ मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले. दगड जोडण्यासाठी ग्रीक कारागिरांनी चुना वापरला नाही. दोन दगडांत खाचा करून त्यांत लोखंडी पकडी बसवल्या आणि त्यांच्याभोवती वितळलेले शिसे ओतले. शिशाच्या या वेष्टनामुळे हवा आणि पाणी लोखंडापर्यंत पोचत नसे. त्यामुळे शतके लोटली तरी त्यांतील कितीतरी पकडी गंजल्या नाहीत.

१६८७ मध्ये एका लढाईत या मंदिरात साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि मंदिराचा मधला भाग कोसळला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे सुमारे तीन तपे त्याच्या दुरुस्तीचे काम चालले. त्या वेळच्या अभियंत्यांनीही लोखंडी पकडी वापरल्या. मात्र त्यांना शिशाचे वेष्टन दिले नाही. पुढे काय घडले असेल, हे रसायनशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सांगायला नको. लोखंड गंजले. गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. संगमरवराच्या पोटात फुगणाऱ्या या गंजाने दगड आतून फोडले. जे काम मंदिर वाचवण्यासाठी केले, तेच त्याच्या मुळावर आले.

आता अजिंठ्याकडे वळू. १९२० च्या सुमारास हैदराबाद संस्थानाने अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी इटलीहून दोन जाणकार बोलावले. भिंतीपासून सुटू लागलेला गिलावा त्यांनी पुन्हा घट्ट बसवला, हे त्यांचे मोठे काम होय. परंतु चित्रांच्या रक्षणासाठी त्यांवर लाखेचा लेपही देण्यात आला. हा लेप काळाबरोबर पिवळसर, तपकिरी होत गेला आणि मूळ रंग त्याखाली झाकोळले. पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना हा लेप काढण्याचे नाजूक काम करावे लागले.

दोन्ही ठिकाणी हेतू चांगला होता. माणसेही आपापल्या विषयांत निष्णात होती. मग उणीव कशाची होती? त्यांचे काम दुसऱ्या जाणकारांनी आधी तपासावे, प्रश्न विचारावेत, दुसऱ्या देशातील अनुभव सांगावा, अशी कायमची व्यवस्था तेव्हा नव्हती. ती हळूहळू कशी उभी राहिली आणि तिच्यात निरनिराळ्या देशांच्या राष्ट्रीय समित्यांचा वाटा कोणता, हे आता पाहू.

तीन प्रसंग

पहिला प्रसंग १९३१ सालचा. त्या वर्षी अथेन्स येथेच जुन्या वास्तूंच्या जतनाचा विचार करण्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. वास्तूंचे रक्षण हा सगळ्या जगाच्या आस्थेचा विषय आहे, असे या परिषदेने मानले. मात्र पुढे लवकरच दुसरे महायुद्ध भडकले.

दुसरा प्रसंग त्या युद्धातलाच आहे. पोलंडची राजधानी वॉर्सा हिचा जुना गावभाग जर्मन सैन्याने १९४४ मध्ये पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केला. त्यातील पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. युद्ध संपल्यावर पोलिश जनतेने तो पुन्हा पूर्वीसारखा बांधायचे ठरवले. पण पूर्वी तो नेमका कसा होता, हे कसे कळणार? येथे दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक म्हणजे बेल्लोत्तो या चित्रकाराने अठराव्या शतकात रंगवलेली शहराची बारकाईची चित्रे. दुसरी म्हणजे वॉर्साच्या तंत्रविद्यापीठातील वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी युद्धापूर्वी इमारती मोजून काढलेले नकाशे. ते युद्धकाळात लपवून ठेवल्याने बचावले होते. विद्यार्थ्यांच्या मोजपट्टीने एक शहर परत मिळवून दिले, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही!

तिसरा प्रसंग इजिप्तमधील. नाईल नदीवर आस्वान येथे मोठे धरण बांधण्याचे काम १९६० मध्ये सुरू झाले. धरणामागे साठणाऱ्या पाण्यात नुबिया प्रदेशातील प्राचीन मंदिरे बुडणार होती. इजिप्तला शेतीसाठी पाणी आणि वीज हवी होती, आणि ती मागणी रास्तच होती. पण मंदिरे हलवण्याचा खर्च एकट्या देशाच्या आवाक्याबाहेरचा होता. इजिप्त आणि सुदान यांच्या विनंतीवरून युनेस्को या संघटनेने ८ मार्च १९६० रोजी साऱ्या जगाला मदतीचे आवाहन केले.

या आवाहनाला साद देण्यासाठी अनेक देशांत राष्ट्रीय समित्या स्थापन झाल्या. आपल्या देशात निधी जमवणे, लोकांना प्रश्न समजावून देणे आणि तज्ज्ञांची पथके पाठवणे ही त्यांची कामे होती. सुमारे पन्नास देशांनी आर्थिक साहाय्य केले. भारतानेही आपले पथक पाठवले. बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्वज्ञांनी १९६१-६२ मध्ये नुबियातील अफिये या ठिकाणी उत्खनन केले. अबू सिंबेल येथील दोन मंदिरे डोंगरातून कापून, त्यांचे हजारावर तुकडे करून, सुमारे ६५ मीटर उंच जागी पुन्हा उभारण्यात आली. हे काम १९६८ मध्ये पुरे झाले. फिले बेटावरील मंदिरे हलवल्यावर, १९८० मध्ये सारी मोहीम संपली.

नुबियाने जगाला एक मोठा धडा दिला. स्मारक ज्या देशात आहे त्या देशाचे असते हे खरे. पण ते राखण्यासाठी लागणारे ज्ञान, पैसा आणि माणसे जगभर विखुरलेली असतात. ती एकत्र आणायची तर प्रत्येक देशात कोणीतरी कायम जागे असले पाहिजे. दरवेळी पाणी चढू लागल्यावर समिती नेमून कसे चालेल?

व्हेनिसची सनद

१९६४ च्या मे महिन्यात इटलीतील व्हेनिस येथे वास्तुविशारद आणि तंत्रज्ञ पुन्हा एकत्र जमले. तेथे तयार झालेला मसुदा ‘व्हेनिसची सनद’ म्हणून ओळखला जातो. त्यात अवघी सोळा कलमे आहेत. त्यांतील दोन तत्त्वे तुम्ही अवश्य लक्षात ठेवावीत.

पहिले तत्त्व असे की, जेथे पुरावा संपून तर्क सुरू होतो तेथे दुरुस्तीचे काम थांबवावे. मूर्तीचा हात तुटला असेल आणि तो मुळात कसा होता हे ठाऊक नसेल, तर आपल्या कल्पनेने नवा हात बसवू नये. दुसरे तत्त्व असे की, नवा भाग जुन्याशी मेळ खाणारा असावा. पण जवळून पाहणाऱ्याला तो नवा आहे हे कळलेही पाहिजे. पाहणाऱ्याची फसवणूक होता कामा नये.

याच बैठकीत एक कायमची जागतिक संस्था स्थापन करण्याचा ठराव झाला. त्यानुसार १९६५ मध्ये ‘स्मारके व वास्तुस्थळे यांची आंतरराष्ट्रीय परिषद’ जन्माला आली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला आयकोमॉस म्हणतात. तिची स्थापना कोठे झाली असेल? राखेतून उठलेल्या त्या वॉर्सा शहरात! तिचे मुख्य कार्यालय पॅरिसजवळ आहे. पण तिचा खरा पाया म्हणजे देशोदेशीच्या राष्ट्रीय समित्या होत. आज अशा शंभरांहून अधिक समित्या आहेत. भारताचीही आहे. या परिषदेची सर्वसाधारण सभा दर तीन वर्षांनी भरते. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ती दिल्लीत भरली होती.

राष्ट्रीय समितीत कोण असते?

जुन्या इमारतीचे दुखणे बहुधा एकाच विषयाचे नसते. भिंतीला ओल येते आहे, एवढ्या साध्या तक्रारीचा विचार करा. ओल जमिनीतून चढते की छतातून उतरते, हे अभियंता शोधतो. भिंतीवरचा पांढरा थर कोणत्या क्षाराचा, हे रसायनतज्ज्ञ सांगतो. भिंत कोणत्या काळात बांधली, पुढे तिच्यात कोणते फेरफार झाले, हे इतिहासकार आणि पुरातत्त्वज्ञ ठरवतात. दुरुस्ती कशी करावी, याचा आराखडा वास्तुविशारद आखतो. आणि चुना किती दिवस भिजवावा, हे वडिलोपार्जित धंदा करणारा गवंडी सर्वांना शिकवतो. राष्ट्रीय समितीत अशा विविध विषयांचे जाणकार एकत्र येतात. हे सदस्य बहुतांशी आपला व्यवसाय सांभाळून, मानधनाची अपेक्षा न ठेवता काम करतात.

या राष्ट्रीय समित्यांच्या जोडीला दगड, लाकूड, मातीची बांधकामे, किल्ले, भित्तिचित्रे अशा एकेका विषयाच्या सुमारे तीस आंतरराष्ट्रीय शास्त्रीय समित्या आहेत. राष्ट्रीय समित्यांतील जाणकार त्यांत सामील होतात. समजा, एखाद्या देशात जुन्या चुन्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा दिला. चुन्याची भिंत सच्छिद्र असते. तिच्यातील ओल हळूहळू बाहेर पडते. घट्ट सिमेंटने ही वाट अडते. मग ओल आतच राहते, तिच्यातील क्षारांचे स्फटिक बनतात आणि ते वाढताना मूळ दगड-विटांचे पापुद्रे सुटू लागतात. हा अनुभव एका देशाने जाहीर केला की, इतर देशांतील इमारती त्या चुकीतून वाचतात.

प्रत्येक मातीचे आपले नियम

व्हेनिसची सनद लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकजण युरोपातील होते. त्यांच्या डोळ्यांसमोर दगडी इमारती होत्या. मग लाकडाच्या इमारतींचे काय? मातीच्या घरांचे काय? ज्या जागी इमारतच नाही, पण लोकांच्या मनात त्या जागेला मोल आहे, तिचे काय?

येथे निरनिराळ्या देशांनी मोलाची भर घातली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय समितीने १९७९ मध्ये बर्रा या तांब्याच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी आपली सनद तयार केली. तिचा गाभा सोपा आहे. एखाद्या स्थळाला हात लावण्यापूर्वी ते कोणाला आणि कशासाठी महत्त्वाचे वाटते, हे आधी नीट समजून घ्यावे. मगच काय करायचे ते ठरवावे. आणि शक्य तेवढा कमी फेरफार करावा. एका देशाची ही सनद पुढे अनेक देशांना मार्गदर्शक ठरली. चीनच्या राष्ट्रीय समितीने २००० साली आपली तत्त्वे तयार केली, तेव्हा ऑस्ट्रेलियातील आणि अमेरिकेतील संस्थांनी तिला साहाय्य केले. चीनमधील मोगाओ लेण्यांच्या व्यवस्थापनासाठी ही तत्त्वे वापरण्यात आली. आपल्या अजिंठ्याप्रमाणेच तेथील चित्रेही मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत.

जपानचे उदाहरण आणखी उद्बोधक आहे. तेथील होर्यूजी हे मंदिर जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी एक आहे. दमट हवेत लाकूड कुजते. म्हणून जपानी सुतार ठराविक काळाने इमारत सुटी करतात, कुजलेला भाग बदलतात आणि पुन्हा जोडतात. मग ही इमारत अस्सल मानायची की नाही? १९९४ मध्ये जपानमधील नारा शहरी २८ देशांतील तज्ज्ञांनी यावर विचार केला. अस्सलपणा केवळ मूळ द्रव्यात नसतो. आकार, कारागिरीची परंपरा आणि उपयोग यांतही तो असू शकतो, आणि प्रत्येक संस्कृतीत त्याचा विचार तिच्या परंपरेनुसार व्हावा, असे तेथे ठरले. एका देशाच्या सुतारकामाने साऱ्या जगाची व्याख्या रुंद केली!

परीक्षक परका का?

१९७२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा करार केला. भारताने तो १९७७ मध्ये स्वीकारला. १९८३ मध्ये भारतातील पहिली चार स्थळे जागतिक वारसा यादीत आली. त्यांत अजिंठा आणि वेरूळ ही महाराष्ट्रातील दोन स्थळे होती. २०२५ च्या जुलैमध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले या यादीत दाखल झाले. रायगड, राजगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग इत्यादी अकरा किल्ले महाराष्ट्रातील आणि जिंजी हा तमिळनाडूतील आहे.

असे स्थळ यादीत कसे येते? प्रथम देशाचे सरकार सविस्तर प्रस्ताव पाठवते. त्यात नकाशे, इतिहास, संरक्षणाचे कायदे, देखभालीची योजना असे सारे असते. सांस्कृतिक स्थळ असेल तर आयकोमॉस त्याची छाननी करते. नैसर्गिक स्थळांसाठी दुसरी संस्था आहे. प्रस्ताव अनेक देशांतील जाणकारांकडे वाचनासाठी जातो. एक तज्ज्ञ प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी करतो. मग मंडळ आपली शिफारस देते आणि एकवीस देशांची समिती अंतिम निर्णय घेते. बारा किल्ल्यांचा प्रस्ताव या साऱ्या पायऱ्या चढून जाण्यास सुमारे दीड वर्ष लागले.

यात एक कडक नियम आहे. पाहणीसाठी येणारा तज्ज्ञ त्या देशाचा नागरिक असत नाही. तुमच्या परीक्षेची उत्तरपत्रिका तुमच्याच घरचे कोणी तपासत नाही, तसेच हे आहे. म्हणजे भारतातील जाणकार दुसऱ्या देशांची स्थळे तपासतात आणि दुसऱ्या देशांतील जाणकार भारताची. पार्थेनॉन आणि अजिंठा यांच्या दुरुस्तीच्या वेळी परक्या डोळ्यांच्या तपासणीची अशी कायमची व्यवस्था नव्हती. राष्ट्रीय समित्या नसत्या, तर असे नि:पक्षपाती आणि अभ्यासू परीक्षक जगभरातून मिळणे कठीण झाले असते.

समितीच्या हाती काय नाही?

राष्ट्रीय समिती हुकूम देऊ शकत नाही, हे मात्र समजून घेतले पाहिजे. ती सल्ला देते, इशारा देते, धोक्यातील वास्तूंची माहिती जगापुढे ठेवते. निर्णय शेवटी सरकारचा आणि लोकांचा असतो.

जर्मनीतील ड्रेस्डेन शहराजवळचे एल्ब नदीचे खोरे २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. त्याच खोऱ्यात वाहतुकीसाठी नवा पूल बांधायचे ठरले. २००५ मध्ये नागरिकांनी मतदान करून पुलाच्या बाजूने कौल दिला. पुलामुळे खोऱ्याचे सलग दृश्य तुटेल, असे तज्ज्ञांनी बजावले. २००६ मध्ये हे स्थळ धोक्यातील वारसा म्हणून घोषित झाले. तरीही बांधकाम पुढे चालले. अखेर २००९ मध्ये ते यादीतून काढून टाकण्यात आले. पूल हवा होता हे खरे आणि खोऱ्याचे सौंदर्य मोलाचे होते हेही खरे. दोन रास्त गोष्टींत निवड करण्याची पाळी आली की, केवळ समितीचा अहवाल पुरत नाही. लोकांनाच त्या जागेचे मोल कळलेले असावे लागते.

पार्थेनॉनचे पुढे काय झाले?

ग्रीस देशाने १९७५ मध्ये त्या टेकडीवरील स्मारकांसाठी खास समिती नेमली. तिच्यात पुरातत्त्वज्ञ, वास्तुविशारद, अभियंते आणि रसायनतज्ज्ञ एकत्र बसले. गंजलेल्या लोखंडी पकडी एकेक करून काढण्यात आल्या आणि त्यांच्या जागी टायटॅनियम धातूच्या पकडी बसवण्यात आल्या. टायटॅनियम गंजत नाही आणि उष्णतेने त्याचे होणारे प्रसरण संगमरवराच्या प्रसरणाशी बरेच जुळते. आधीच्या दुरुस्तीत चुकीच्या जागी बसवलेले दगडही ओळखून त्यांच्या मूळ जागी नेण्यात आले. प्रत्येक दगडाची नोंद ठेवली गेली आणि कामाची माहिती जगभरच्या तज्ज्ञांपुढे चर्चेसाठी ठेवण्यात आली. पुढच्या पिढीला आजची चूक सापडली, तर ती सुधारता यावी, हा त्यामागचा हेतू आहे.

तुम्ही काय करू शकाल?

दरवर्षी १८ एप्रिल हा दिवस स्मारके व वास्तुस्थळे यांचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून पाळला जातो. ही कल्पना आयकोमॉसने १९८२ मध्ये मांडली आणि युनेस्कोने ती पुढच्या वर्षी मान्य केली. त्या दिवशी भाषणे होतात, प्रदर्शने भरतात. तुमच्या शाळेला मात्र याहून उपयोगी काम करता येईल.

तुमच्या गावात एखादी बारव असेल, जुना वाडा, वेस, मंदिर, मशीद, चर्च किंवा धर्मशाळा असेल. शिक्षकांच्या मदतीने ती वास्तू निवडा. मालकाची किंवा संबंधित खात्याची परवानगी घ्या. मोजपट्टीने तिची लांबी, रुंदी, उंची मोजा आणि प्रमाणबद्ध आकृती काढा. बारवेच्या पायऱ्या मोजा. मात्र पाण्याजवळ मोठ्या माणसांशिवाय जाऊ नका. चारी बाजूंनी छायाचित्रे घ्या. कोठे तडा आहे, कोठे पिंपळ उगवला आहे, कोठे सिमेंट लावले आहे, याची तारीखवार नोंद करा. गावातील वृद्ध माणसांना विचारून त्या वास्तूची माहिती लिहून घ्या. भिंत खरवडू नका, खडूने खुणा करू नका आणि आपल्या मनाने काही दुरुस्त करायला जाऊ नका.

ही वही शाळेत जपून ठेवा आणि पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना तीच मोजमापे पुन्हा घ्यायला सांगा. पाच वर्षांनी तडा वाढला की नाही, हे अंदाजाने नव्हे, आकड्यांनी सांगता येईल. ती दुरुस्त करायला एखादा तज्ज्ञ आलाच, तर तो पहिला प्रश्न हाच विचारील : ‘पूर्वी ती कशी होती, याची काही नोंद आहे का?’ तेव्हा तुमची वही त्याच्या हाती द्या.